चितरीच्या गळ्यातला कापूस

अक्कांच्या घरात भाड्यानं राहायचं तर आधी चितरीला पसंत पडावं लागे. धुळ्याच्या देवपुरात खोली शोधत मी त्यांच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक ट्रंक आणि शाळेच्या नेमणुकीचं पत्र एवढाच संसार होता. फाटकाला हात लावते तोच अंगणातून एक करडा, ठिपकेदार, टकल्या डोक्याचा पक्षी मान ताठ करून धावत आला आणि असा ओरडला की ट्रंक माझ्या पायावर पडली. "कचाक्‌! कचाक्‌! कचाक्‌!" तेल न घातलेला रहाट कोणी रागानं फिरवावा तसा तो आवाज. दार उघडून साठीच्या पुढच्या, काटक, लुगडं खोचलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. पक्ष्याकडं पाहिलं. तो तीनदा ओरडून गप्प झाला होता आणि माझ्या चपलेच्या अंगठ्याला चोच मारून बघत होता.

"तीनच येळा वरडनी," बाई म्हणाल्या. "तू बरी शे. ये, मझार ये, खोली देख."

माझ्या आधी आलेल्या एका विमा एजंटावर चितरी म्हणे अकरा वेळा ओरडली होती. त्याला अक्कांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुस्तकात या पक्ष्याला गिनी कोंबडी म्हणतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायला आलेली, त्यामुळं मला ते माहीत होतं आणि मी ते मोठ्या ऐटीत सांगितलंही. अक्कांनी माझ्या ओठांकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. अंगभर ठिपके म्हणून ती चितरी, एवढं त्यांना पुरेसं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी माहेर असलेल्या एका मैत्रिणीनं त्यांना ती पिल्लू असताना आणून दिली होती. घरात अंडं शिजत नव्हतं, मटण तर दूरच. पण चितरीचा पाट मात्र अक्कांच्या पाटाशेजारी असे, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा तिचा.

ओठांकडं पाहिलं म्हणाले, कारण अक्का ठार बहिऱ्या होत्या. तीस वर्षं त्यांनी जिनिंगमध्ये रेच्यावर काम केलं होतं. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. पत्र्याच्या एका शेडमध्ये अशी दोन डझन यंत्रं एकदम धडधडत आणि त्यांच्या तोंडात ओंजळी-ओंजळीनं कापूस घालायला बायका उभ्या असत. नवरा लवकर गेला. अक्कांनी त्या कमाईवर मुलाला वाढवलं आणि पांझरा नदीच्या अलीकडं दोन खोल्या, एक ओटा आणि एक कडुनिंब एवढी जागा स्वतःच्या नावावर केली. कानांबद्दल विचारलं तर म्हणत, "कान जीनले दिधात, घर लिधं." बोलताना आवाजात रडकेपणा नावाला नसे. उलट चांगला सौदा करून आलेल्या माणसाचा तोरा असे.

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळं अक्कांचं कुजबुजणंही पुलापर्यंत जाई. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. सावद्याहून आईनं पत्र धाडलं, मी ते अक्कांना विश्वासानं वाचून दाखवलं, म्हणजे एकेक शब्द ओठांनी सावकाश सांगितला. संध्याकाळी त्या ओट्यावर बसून शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "कोनले सांगू नको. मास्तरीणले पोरगा उना शे, पन टकला शे!" दुसऱ्या दिवशी आठवी ब मधल्या मुली माझ्याकडं बघून खुसुखुसु हसत होत्या. मी आठ दिवस अक्कांशी अबोला धरला. तो अबोला त्यांच्या लक्षातच आला नाही, यात सगळं आलं.

भांडायचं झालं तरी त्यांच्याशी कोणी जिंकू शकत नसे. आपण तावातावानं बोलत असलो आणि आपली बाजू वरचढ होत चालली की अक्का शांतपणे डोळे मिटून घेत. ओठ दिसले नाहीत की आपलं बोलणं संपलंच. मग करा काय करायचं ते.

रेच्यांच्या त्या गदारोळात कोणालाच काही ऐकू येत नसल्यामुळं तिथल्या बायकांनी हातांची एक भाषा करून ठेवली होती. दोन बोटं कपाळाला लावली की मुकादम आला. मूठ पोटावर ठेवली की भूक लागली. गालावर तळवा म्हणजे घरी मूल आजारी आहे. चूक झाली, माझी झाली, असं सांगायचं तर तळवा छातीवर. अक्कांनी ही भाषा मला पंधरा दिवसांत शिकवली आणि मी ती पुढं वर्गात वापरून मुलींना चकित केलं. त्यांतली शेवटची खूण मी त्यांना स्वतः करताना कधी पाहिली नव्हती. अक्का चुकत नसत. दूध उतू गेलं तर पातेलं लहान असे, आणि भाजी खारट झाली तर मीठवाल्याची ती करणी असे.

एकदा शाळेत हेडमास्तरांनी मला सगळ्यांदेखत बोल लावला आणि मी घरी येऊन रडत बसले. अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवतील म्हणून मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "मशीन रडत नही, तुंबस. काय तुंबनं शे ते सांग, मोकळं करूत." रेच्यात कापूस अडकला की यंत्र अडून बसतं, मग पट्टा उतरवून बोटांनी गुंता काढायचा असतो. जगातली सगळी दुखणी त्यांच्या लेखी याच जातीची होती. मी काय तुंबलं ते सांगितलं आणि खरोखरच मला बरं वाटलं. अजूनही कोणी माझ्यासमोर रडायला लागलं तर माझ्या तोंडून हेच निघतं, आणि माणसं दुखावतात.

आता मुलाचं सांगते. तो सुरतेला साड्यांच्या छपाईच्या कारखान्यात होता. भला माणूस. आईनं हाल सोसून वाढवलं याची पुरती जाणीव असलेला, आणि म्हणूनच आईच्या मागं लागलेला. दाराशी कोणी आलं तर हिला कळत नाही, स्टोव्ह भडकला तर कळायचं नाही, चोर आला तर हिच्या उशाशी बसून चहा पिऊन जाईल, म्हणून हिनं सुरतेला यावं, असं त्याचं म्हणणं. एकदा त्यानं हौसेनं कानाचं यंत्र आणलं. अक्कांनी ते एक दिवस लावलं. संध्याकाळी काढलं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकून दिलं. "बठ्ठं जीन परत कानमा उनं," म्हणाल्या.

सुरतेची खोली त्यांनी एकदा पाहिली होती. सून प्रेमळ होती, नातवंडं गोड होती, तक्रारीला जागा नव्हती. "पन तठे मी पाव्हनी," त्या मला म्हणाल्या. "आठे मी धनीन शे."

त्यांच्या बाजूनं एकच साक्षीदार होती, ती म्हणजे चितरी. जगातले सगळे आवाज बंद झाले तरी चितरीचा आवाज अक्कांना ऐकू येत असे. कसा, ते कोणत्या डॉक्टरनं सांगितलं नाही. बहुधा इतका भेसूर आवाज थांबवायची कानांचीच हिंमत नसावी. फाटकाशी पोस्टमन आला, चितरी ओरडली, अक्का उठल्या. पावसाळ्यात नदीकाठानं साप आला, चितरी ओरडली, अक्का काठी घेऊन उठल्या. शेजारीपाजारी या ओरडण्यानं जेरीस आले होते आणि परीक्षेचे पेपर तपासताना मीही तिचा गळा आवळण्याचे बेत केलेले आहेत. पण ती अक्कांचे कान होती, हे कोणी नाकारत नव्हतं. एका दिवाळीला मायलेकांत शेवटी करार झाला. अक्का म्हणाल्या, "चितरी शे तवलग मी आठे. ती गयी का मी तुन्हासंगे सुरतले येसू. कानबाईनी आन." खानदेशच्या देवीची शपथ म्हटल्यावर, आणि कोंबडी जगून जगून किती जगणार असा विचार करून, मुलगा कबूल झाला.

तेव्हापासून तो आला की परीक्षा घेई. फाटकाशी येऊन गुपचूप उभा राही. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही. चितरी ओरडे, अक्का दार उघडून येत आणि विजयी मुद्रेनं म्हणत, "उना का रे?" तो हसे. दोघांनाही हा खेळ आवडत होता, असं मला वाटे.

त्या जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी चितरी अंगणात न येता कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. खाईना. नाकातून पाणी. साधं सर्दीचं दुखणं असावं. पण अक्कांनी ते अंगावर घेतलं. तिला घरात आणली, बांबूची एक डाली घेतली आणि स्वतःची गादी उसवून तिच्यातला चांगला दोन शेर कापूस त्या डालीत भरला. तीस वर्षं ज्या बाईनं कापसाशिवाय दुसरं काही हाताळलं नाही, तिला कापसासारखी मायेची वस्तू दुसरी कोणती वाटणार? त्या पांढऱ्याशुभ्र ढिगात चितरी नवजात बाळासारखी बसली होती, फक्त तोंड बाळासारखं नव्हतं. शेजारून शेगडीची ऊब. चमच्यानं ओव्याचं पाणी. मी शाळेतून आले की अक्का मला तळवा गालावर ठेवून दाखवत. मूल आजारी.

दोन दिवसांनी सर्दी ओसरली आणि दुसरंच सुरू झालं. चितरीच्या गळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली. दुसऱ्या दिवशी ती मोसंबीएवढी झाली. हात लावला तर टणक. पाणी पाजलं तर परत बाहेर येई आणि त्याला आंबूस वास. ती ओरडायचीही थांबली. चोच उघडायची आणि नुसती हवा निघायची.

ढोरांच्या दवाखान्यात मी शाळा बुडवून अक्कांबरोबर गेले. पुढं एक म्हैस, मागं दोन बैल, मध्ये आम्ही डाली घेऊन. डॉक्टर तरुण होते, हसले नाहीत, हे त्यांचं माझ्यावर ऋण आहे. गाठ दाबून पाहून म्हणाले, "हिच्या गळ्याखाली दाण्याची पिशवी असते, ती गच्च झाली आहे. काहीतरी अडकलंय आत. तेल पाजा, हलक्या हातानं चोळा. नाही मोकळं झालं तर पिशवी कापून काढावं लागेल. मी उद्यापासून लशी टोचायला खेड्यांवर जातोय, मंगळवारी या." मी ते सगळं हातांनी आणि ओठांनी अक्कांना सांगितलं. अक्कांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं.

"तुंबनी शे," त्या म्हणाल्या. "मी म्हनस तेच."

रोग ओळखीचा निघाला की माणसाला निम्मा धीर येतो. घरी येऊन अक्कांनी कोमट गोडंतेल पाजलं आणि दोन दिवस, जेवायला उठायचं तेवढं सोडून, त्या गाठ चोळत बसल्या. गाठ तसूभर हलली नाही. चितरीची मान लुळी पडू लागली. आणि शुक्रवारी सुरतेचं कार्ड आलं. मुलगा रविवारी येत होता.

कार्ड मी वाचून दाखवलं. अक्कांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. डॉक्टर मंगळवारी. मुलगा रविवारी. चितरी तोवर जगत नव्हती, हे दोघींनाही दिसत होतं. अक्का ओट्यावर जाऊन कडुनिंबाला टेकून बसल्या. घराकडं बघत होत्या, भिंती, पन्हाळ, मी कपड्यांची दोरी बांधलेली खिडकी, सगळ्याकडं सावकाश. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चार-पाच मिनिटं झाली असतील. मग त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू शाळामा बेडूक फाडस ना?"

"मेलेला, अक्का!" मी ओरडले. मान टाकून, डोळे फिरवून, जीभ बाहेर काढून मेलेला बेडूक करून दाखवला.

"हाई जिती शे. म्हनजे जास्त सोपं. चुकनं तर हलीसन सांगी."

मी नाही म्हणाले. मी दहा कारणं दिली. सातव्या कारणाशी त्यांनी डोळे मिटले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी प्रयोगशाळेतली बेडकाची पेटी पिशवीत घालून घरी आणली. कात्री, चिमटे, पातं, सुई, सगळं अक्कांनी वीस मिनिटं उकळलं. गोधडीचा दोराही उकळला. स्पिरिट होतं, हळद होती. उन्हात पाट मांडला. अक्का मांडी घालून बसल्या, चितरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळून मांड्यांमध्ये पक्कं धरलं आणि डोक्यावर फडकं टाकलं. अंधार झाल्याबरोबर ती शांत झाली. माझे हात मात्र असे थरथरत होते की पातं स्पिरिटच्या वाटीवर वाजत होतं. अक्कांना वाजलेलं ऐकू आलं नाही, पण वाटीतलं स्पिरिट हिंदकळताना दिसलं.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "तुंबेल रेचामा हात घालानं शे. बोटं तुन्ही जातीन, चितरीनी नही." मग हसल्या. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी रेच्यानं केव्हाच नेलेली होती, आणि हा विनोद त्या नेहमी करत.

मी पिसं उपटली, कातडीवर बोटाच्या पेराएवढी चीर दिली. रक्त फार आलं नाही. खाली पिशवीची पातळ भिंत दिसली, तिलाही चीर दिली. आंबट वासाचा भपकारा आला. चिमटा घातला तर काहीतरी चिवट लागलं. ओढलं तर येत राहिलं. करडा, चिकट, दोरखंडासारखा पीळ बसलेला बोळा. मी ओढतेय आणि तो संपत नाही. बाहेर आला तेव्हा माझ्या मुठीत मावेना. आतली पिशवी मी पाण्यानं धुतली, आत चार टाके, बाहेर पाच. शिवण काही सुबक नव्हती. शाळेत शिवणकामात मला नेहमी काठावरचे गुण पडत. पण फट राहिली नाही, एवढं मी छातीठोक सांगते. हळद लावली, फडकं काढलं. चितरीनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या अंगठ्याला करकचून चावली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिचा मुका घ्यायचा तेवढा बाकी राहिला.

अक्कांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी तो बोळा तांब्यातल्या पाण्यात घोळून घोळून धुतला होता. आता त्यातला एक झुपका चिमटीत धरून त्या दोन्ही हातांनी ओढत होत्या, उन्हात धागा पाहत होत्या, जिनिंगमध्ये आलेला माल पाहावा तसा.

"हाऊ मन्हा गादीना कापूस शे," त्या म्हणाल्या.

मलाही तेव्हाच कळलं. सर्दीनं बेजार झालेली चितरी त्या डालीत बसून दिवसभर अंगाखालचा कापूस चोचीनं टिपत होती. अडकलेल्या एखाद्या सरकीसाठी असेल किंवा सवयीनं असेल. ज्या उबेत तिला ठेवली तीच तिच्या गळ्यात भरली होती.

अक्कांनी तो झुपका पाटावर ठेवला आणि ओला तळवा छातीवर टेकवला. तो तिथंच ठेवून बराच वेळ बसल्या. मी त्यांचा हात धरून खाली घेतला. मग डालीतला सगळा कापूस काढून आम्ही गोणपाट अंथरलं.

रविवारी सकाळी चितरी पायांवर उभी होती. ताकाची निवळ चमच्यानं प्यायली होती, पचलीही होती. पण गळ्यातून आवाज निघत नव्हता. चोच उघडे आणि मिटे. अक्कांनी तिला जुन्या पोलक्याच्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि दार लोटून आत बसल्या. माझी खोली फाटकालगत, आमच्यामध्ये एक भिंत. दहाच्या सुमाराला मी खिडकीतून पाहिलं तर मुलगा फाटकाशी उभा होता. हातात सूटकेस नव्हती, बरोबर वळकट्या बांधायच्या दोऱ्या होत्या. त्यानं मनाशी काहीतरी ठरवलेलं होतं. नेहमीप्रमाणं तो गुपचूप उभा राहिला.

एक मिनिट गेलं. अंगण गप्प. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्याला आनंद होत नव्हता, उलट आईसाठी वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यानं कडीकडं हात नेला.

मी जीवशास्त्राची शिक्षिका, बी. एस्सी., बी. एड. मी खिडकीखाली उकिडवी बसले, नाक दाबलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले. "कचाक्‌! कचाक्‌! कचाक्‌!" घसा सोलवटून निघाला. समोरच्या घरातलं लेकरू रडायला लागलं.

दार उघडलं. अक्का उंबऱ्यात उभ्या, कडेवर चितरी.

"उना का रे?"

मुलगा हसत आत आला. "चितरीना आवाज आखो मोठा झाया वं माय," म्हणाला. थंडीमुळं तिला गुंडाळली आहे असं त्याला सांगितलं, आणि त्यानं फार विचारलं नाही. भरीत-भाकरी खाल्ली, आईच्या पायाशी बसून नातवंडांच्या गोष्टी सांगितल्या. संध्याकाळच्या एसटीनं दोऱ्या घेऊन परत गेला.

तो गेल्यावर अक्कांनी मला बोलावलं आणि समोर बसवलं.

"तू वरडनी ना?"

माझा चेहरा पडला. फसवणूक मला साधत नाही. पण मग एक विचार मनात आला आणि मी अक्षरशः उडी मारली. "म्हणजे तुम्हाला माझा आवाज ऐकू आला, अक्का?"

त्यांनी मान हलवली. "माले काहीच ऐकू उनं नही. चितरी मांडीवर व्हती. तिनी एकदम मान ताठ करी, पन फाटककडे नही, तुन्ही भिंतकडे. माले समजनं, मास्तरीण वरडनी. मास्तरीण वरडस म्हनजे आंडोर उना, मन्हा पोरगा."

"आणि एरवी? चितरी ओरडते तेव्हा?"

अक्कांनी दाराकडं पाहिलं, जणू मुलगा परत येईल. मग त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. त्यांना तो साधला नाही, पण सुदैवानं गल्लीत कोणी नव्हतं. "वरीस झायं, तिना आवाज बी बंद झाया मन्हासाठी. मी तिनी मान देखस. मान ताठ झायी का कोनी उनं."

वर्षभर. म्हणून त्या ओट्यावर बसताना, भाकरी थापताना, निवडताना चितरीकडं तोंड करूनच बसत. मला ते लाड वाटत होते. मला भीती वाटली आणि त्या बाईविषयी आदरही वाटला. मुलाचं म्हणणं खरं होतं. आणि अक्कांना कोणी इथून उचलून नेलेलं मला बघवणार नव्हतं.

"त्याले सांगशी?" त्यांनी विचारलं.

मी ओठ आणि हात दोन्ही वापरून, कुठं चूक होऊ नये म्हणून सावकाश सांगितलं. सांगणार नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर तुम्ही आपल्या मधल्या भिंतीवर थाप मारायची. ज्या दिवशी थाप येणार नाही त्या दिवशी मी धावत येणार, आणि त्याच दिवशी सुरतेला तार जाणार.

अक्कांनी डोळे मिटले नाहीत. विचार केला. "बरं," म्हणाल्या. त्यांनी कोणाची अट मान्य केलेली मी तेवढीच पाहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भिंतीवर अशी थाप पडली की माझ्या फळीवरचं गजराचं घड्याळ खाली आलं. किती जोरात मारली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मी धडपडत उठले आणि झोपेतच, उत्तर द्यायचं म्हणून, उलट दोन थापा मारल्या. मारल्यावर मग स्वतःवरच हसले. कोणाला ऐकू जाणार होत्या त्या?

दहा मिनिटांनी अक्का चहाचा पेला घेऊन माझ्या दारात उभ्या. पेला माझ्या हातात दिला आणि आपला मोकळा तळवा माझ्यापुढं उघडून धरला.

"तू बी दोन मार्‍यात ना?" त्या म्हणाल्या. "मन्हा हात भिंतवरच व्हता. हातले समजन्यात."